कोच बदलला म्हणजे नक्की काय बदललं?

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर एक छोटा लेख दिला होता, तिकडचे लोक ज्याला नुसतं 'फूटी' म्हणतात तो खेळ, आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांची मुलं मेलबर्नला आहेत, काही पोरं रात्री मोबाईलवर हायलाइट्स बघतात, दोघं-तिघं तर आपल्या जिल्ह्यातलेच खो-खो कबड्डीचे कोच आहेत. प्रश्न वेगवेगळे, पण सगळे फिरून एकाच जागी येतात, की टीम हरत असली तर कोच बदलून सीझन फिरतो का. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : भाऊ, लेख वाचला पण डोक्यात चित्र उभं राहिना. मैदान केवढं, माणसं किती, आणि मॅच चालू असताना कोच करतो तरी काय? क्रिकेटमध्ये तर मैदानावर सगळं कॅप्टनच बघतो.
(नवी पेठेतले एक कापड दुकानदार)

शेठ, आपलं सोलापूरचं पार्क मैदान डोळ्यासमोर आणा. फूटी क्रिकेटच्याच मैदानावर खेळतात, अंडाकृती. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब, मधल्या दोन खांबांमधून पायाने मारलेला बॉल गेला की ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला की १. एका टीमचे १८ जण मैदानात. बॉल लाथेने मारायचा नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, फेकायला बंदी. २० मिनिटांचे चार क्वार्टर, पण बॉल थांबला की घड्याळ पण थांबतं त्यामुळे एकेक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातो. एएफएल ही त्यांची मोठी लीग, १८ टीम, त्यातल्या ९ एकट्या मेलबर्नच्या, आणि फायनल सहसा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी एमसीजीवर, जिथे आपण बॉक्सिंग डे टेस्ट बघतो तिथेच.

कोच बहुतेक वेळा वर स्टँडमध्ये काचेच्या खोलीत बसतो, बरोबर असिस्टंट, हातात फोन, तो खाली बेंचला जोडलेला. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर खाली मैदानावर येतो आणि खेळाडूंच्या घोळक्यात उभा राहून बोलतो, हाफटाइमला ड्रेसिंग रूममध्ये. बाकीच्या वेळी ३६ माणसं चारी दिशांना पळतायत, ऑफसाइड नावाचा प्रकारच नाही, कुणीही कुठेही जाऊ शकतो, त्यात वरून ओरडून काय होणार हो? जे काही शिकवायचं ते मंगळवार-बुधवारच्या सरावातच शिकवून झालेलं असावं लागतं. पुढची सगळी उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : माझी लेक मेलबर्नला असते. जावईबापू कॉलिंगवूड टीमचे एवढे वेडे की घरातला टॉवेलसुद्धा काळा-पांढरा. ते म्हणतात आमची टीम तळाला गेली होती, नवा कोच आला आणि दोन वर्षांत कप आणला. एका माणसाने एवढं होतं का हो?
(जुळे सोलापूरमधल्या एक वाचक)

ताई, जावईबापू सांगतात ते शंभर टक्के खरं आहे, फक्त मधली गोष्ट राहून गेलीय ती मी सांगतो.

२०२१ साली जूनमध्ये, ऐन सीझनमध्ये, नॅथन बकली कोचपदावरून बाजूला झाला. हा बकली म्हणजे त्या क्लबचा जुना कॅप्टन, घरचाच माणूस. कॉलिंगवूड १८ टीममध्ये १७ वी आली, २२ पैकी फक्त ६ मॅच जिंकल्या. पुढच्या सीझनला क्रेग मॅक्रे आला. हा खेळाडू म्हणून ब्रिस्बेनच्या २००१, २००२, २००३ अशा लागोपाठ तीन कपांमध्ये होता, पण एएफएलचा मुख्य कोच म्हणून पहिलीच वेळ. आधी रिचमंडमध्ये त्यांच्या दुय्यम टीमचा कोच, मग हॉथॉर्नमध्ये असिस्टंट, थोडक्यात बरीच वर्षं मागच्या रांगेत बसून शिकलेला माणूस.

त्याने आल्यावर बाकी सगळं सोडून एक गोष्ट धरली, बॉल आपल्या बचावात मिळाला की थांबायचं नाही, धोका वाटला तरी मधून पळत पुढे न्यायचा. आधी टीम सावध खेळायची, बाजूबाजूने, चुकायची भीती. आता चुकलास तरी चालेल पण थांबू नको. २०२२ ला लागोपाठ ११ मॅच जिंकल्या, टेबलवर चौथे आले, फायनलच्या आदल्या फेरीत सिडनीकडून एका पॉइंटने हरले. आणि २०२३ ला ब्रिस्बेनला फायनलमध्ये ९० विरुद्ध ८६ ने हरवून कप. त्या फायनलच्या दिवशी सकाळी मॅक्रेच्या बायकोला मुलगी झाली, बाळाला बघून माणूस मैदानावर आला. जावईबापूंना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल.

आता मधली गोष्ट. त्याच २०२२ ला निक डेकॉस नावाचा पोरगा टीममध्ये आला, बाप पण कॉलिंगवूडचाच मोठा खेळाडू, आणि पोरगा पहिल्या सीझनपासून असा खेळला की बघत राहावं. शिवाय त्या सीझनच्या किती तरी मॅच एका-दोन गोलांच्या फरकाने जिंकल्या. त्यांच्या टेबलवर 'पर्सेंटेज' असतं, केलेले पॉइंट भागिले खाल्लेले पॉइंट गुणिले शंभर. २०२२ ला चौथ्या नंबरवर असून कॉलिंगवूडचं पर्सेंटेज १०४ च्या आसपासच होतं, म्हणजे एकूण पाहिलं तर समोरच्यांपेक्षा थोडेच वरचढ होते. थोडं नशीब, एक हिरा, आणि कोचने काढून टाकलेली भीती, तिन्ही एकत्र आलं. पण मला विचाराल तर यातली भीती काढणं ही सगळ्यात अवघड गोष्ट, कारण नशीब आणि हिरा आपल्या हातात नसतो.

प्रश्न : सर, मी स्टॅटिस्टिक्स शिकते. मला शंका आहे की नवा कोच आल्यावर टीम सुधारते हा नुसता आकड्यांचा खेळ आहे. टीम एकदम तळाला गेल्यावरच कोच काढतात, तिथून ती वर येणारच ना? मग श्रेय कोचला का?
(विजापूर रोडवरची एक विद्यार्थिनी)

शाब्बास गं. या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा आहे आणि तुझी शंका बऱ्याच अंशी बरोबर आहे.

आपल्याकडचंच बघ. मे महिन्यात एक दिवस पारा ४४ ला गेला, संध्याकाळी कुणी अंगणभर पाणी मारलं, दुसऱ्या दिवशी ४१ झाला. पाण्याने झाला का? नाही, ४४ हा टोकाचा दिवस होता, तिथून पारा खालीच येणार होता. टीमचं पण तसंच असतं, लागोपाठ दहा मॅच हरलेली टीम बहुतेक वेळा जेवढी दिसते तेवढी वाईट नसते, जखमी खेळाडू परत येतात, सोप्या मॅच लागतात. नेदरलँड्सच्या आपल्या नेहमीच्या फुटबॉलवर असा अभ्यास झालेला आहे, ज्यांनी कोच बदलला आणि तितकंच हरूनही ज्यांनी बदलला नाही अशा टीम शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन्ही जवळपास सारख्याच सावरतात.

आणि एएफएलमध्ये तर नियमच असे की खालच्याला वर ढकलायचं. तळाच्या टीमला पुढच्या वर्षीच्या नव्या पोरांमधून पहिली निवड, पगारावर सगळ्यांना सारखी मर्यादा, आणि १८ टीम पण मॅच २३, म्हणजे सहा टीमशी दोनदा खेळावं लागतं, त्या सहा कोण हे ठरवताना मागच्या वर्षीचा टेबल बघतात, खाली असलेल्याला त्यातल्या त्यात हलक्या टीम मिळतात. म्हणजे नवा कोच जेव्हा दारात येतो तेव्हा नवी पोरं आणि सोपं टाइमटेबल त्याच्याबरोबरच आत येतं आणि सगळं श्रेय त्याच्या नावावर जमा होतं.

उदाहरणं हवी असतील तर दोन सांगतो, दोन्ही २०१९ ची. कार्लटनने ११ मॅचपैकी १ जिंकली होती, कोच ब्रेंडन बोल्टनला काढलं, असिस्टंट डेव्हिड टीगला तात्पुरता कोच केलं, त्याने उरलेल्या ११ पैकी ६ जिंकल्या, लोक खूश, कायम केलं, आणि २०२१ च्या शेवटी त्यालाही काढलं, मधल्या दोन्ही वर्षांत टीम फायनल्सपर्यंत, म्हणजे सीझनच्या शेवटी वरच्या नंबरांच्या टीममध्ये होणाऱ्या बाद फेरीपर्यंत, पोचलीच नाही. नॉर्थ मेलबर्नचं तर याहून वाईट. ब्रॅड स्कॉट १० मॅचनंतर गेला, ३ जिंकल्या होत्या. ऱ्हाइस शॉने पुढच्या १२ पैकी ७ जिंकल्या. कायम केलं. पुढच्या वर्षी १७ मॅचपैकी ३ आणि टेबलवर १७ वा नंबर, आणि शॉ पण गेला.

उलट बाजू पण बघ. २०२३ ला हेच कार्लटन अर्ध्या सीझनला १५ व्या नंबरवर होतं, सगळे कोच मायकल व्हॉसला काढा म्हणून मागे लागले होते, क्लबने काढलं नाही, टीम लागोपाठ ९ मॅच जिंकली आणि पाचव्या नंबरने फायनल्सला जाऊन फायनलच्या आदल्या फेरीपर्यंत पोचली. २०२४ ला हॉथॉर्न पहिल्या पाचच्या पाच मॅच हरलं आणि तरी त्याच सॅम मिचेलच्या हाताखाली सातव्या नंबरने फायनल्सला गेलं.

मग कोचचं काहीच नाही का? इथे मात्र मी तुझ्याशी थोडा भांडेन. सरासरी हा प्रकार सगळ्यांना एका पिशवीत घालतो. जो कोच काहीच बदलत नाही तो आणि ज्याने टीमचं खेळणं मुळातून बदललं तो, दोघं एकाच सरासरीत. म्हणून जिंकलेल्या मॅच मोजू नकोस, दोन गोष्टी बघ. एक म्हणजे खेळायची पद्धत खरंच बदलली का, डोळ्याला दिसते का, आणि समोरच्याचे पॉइंट कमी झाले का. दुसरी म्हणजे दुसरं वर्ष, कारण तोपर्यंत नव्या कोचबद्दलची उत्सुकता संपते, बाकीच्या टीमनी त्याचा व्हिडिओ बघून उपाय शोधलेला असतो, तेव्हा टिकला तो खरा. तुला प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हाच घे, सगळे जुने स्कोअर नेटवर फुकट आहेत, आणि झाल्यावर आम्हाला पाठव, छापू.

प्रश्न : सर, मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, मुलांच्या खो-खो टीमचा कोच. दोन वर्षं आम्ही जिल्ह्याला पहिल्याच फेरीत हरतोय. आता बाहेरून नवीन कोच आणायचं चाललंय. मी स्वतःहून बाजूला व्हावं का? फूटीत अशा वेळी काय करतात?
(अक्कलकोट तालुक्यातले एक शिक्षक)

सर, तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी स्वतः २२ वर्षं मुलींच्या खो-खो टीमबरोबर मैदानावर काढली आहेत त्यामुळे ही रात्रीची झोप उडणं काय असतं ते मला माहितीय. तुम्हाला उत्तर देण्याआधी रिचमंडची गोष्ट सांगतो, जरा मोठी आहे पण तुमच्यासाठीच आहे.

आपल्या मराठीत 'कोच बदलला' या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात ना, एक म्हणजे जुना काढून नवा आणला, आणि दुसरा म्हणजे माणूस तोच पण तो स्वतः बदलला. रिचमंडमध्ये हे दुसरं झालं.

रिचमंड म्हणजे मेलबर्नचा जुना, मोठा, प्रचंड लोकप्रिय क्लब, शेवटचा कप १९८० चा. डेमियन हार्डविक २०१० पासून कोच. २०१३, १४, १५ तिन्ही वर्षं फायनल्सला गेले आणि तिन्ही वेळा पहिल्याच मॅचला बाहेर. २०१६ ला तर १३ वे आले, शेवटच्या मॅचला सिडनीने १०० हून जास्त पॉइंटांनी धुतलं. लोक खवळले. कोच हटवा, बोर्ड हटवा, विरोधी गट क्लब ताब्यात घ्यायला निघाला. प्रेसिडेंट होत्या पेगी ओनील, एएफएल क्लबच्या पहिल्या महिला प्रेसिडेंट, आणि सीईओ ब्रेंडन गेल. त्यांनी सगळ्या क्लबची तपासणी करून घेतली आणि हार्डविकला ठेवायचं ठरवलं. मला हे धाडस फार मोठं वाटतं, कारण त्या वेळी त्याला काढलं असतं तर एकानेही नाव ठेवलं नसतं.

पण नुसतं ठेवलं नाही. त्याच्या भोवतीची माणसं बदलली. नील बाम नावाचा जुना जाणता माणूस फुटबॉल विभाग सांभाळायला आणला, म्हणजे कोचच्या डोक्यावरचा बाकीचा भार उतरला. ब्लेक कॅरासेला आणि जस्टिन लेपिच असे असिस्टंट आले. लेपिचला तर नुकतंच ब्रिस्बेनच्या मुख्य कोचपदावरून काढलेलं होतं, अपयश पचवून आलेला माणूस. आणि हार्डविक स्वतः बदलला. आधी तो प्रत्येक बारीकसारीक चुकीवर बोट ठेवायचा, खेळाडू मैदानावर घाबरून खेळायचे. २०१७ ला त्यांनी सरावाच्या काळात एक प्रकार सुरू केला, एकेक खेळाडू सगळ्यांसमोर उभा राहून तीन गोष्टी सांगणार, माझ्या आयुष्यातला आदर्श कोण, माझ्यावर आलेलं संकट कोणतं, आणि माझा सगळ्यात आनंदाचा क्षण कोणता. मोठी मोठी दणकट माणसं त्यात रडली. कॅप्टन ट्रेंट कॉचिन पण मोकळा झाला. शेजारी पळणारा माणूस काय सोसून इथे आलाय हे कळल्यावर त्याच्यासाठी पळणं वेगळंच असतं.

खेळात काय केलं ते पण सांगतो, नाहीतर वाटेल की नुसत्या रडण्याने कप आला. पुढच्या फळीत उंच खेळाडू जवळपास एकच ठेवला, जॅक रिवोल्ट, आणि त्याच्या भोवती बुटकी, चपळ, न थकणारी पोरं. बॉल नीट मिळाला नाही तरी चालेल, कसाही पुढे ढकला, आणि समोरच्याला तो बाहेर काढू देऊ नका. समजायला सोपं, आणि जी पोरं हातात होती त्यांना जमेल असं. मला यातलं हे 'हातात होती त्यांना जमेल असं' फार महत्त्वाचं वाटतं, बरेच कोच आधी डोक्यात पद्धत ठरवतात आणि मग त्यात न बसणाऱ्या पोरांवर चिडतात.

आणि लगेच सगळं सुरळीत झालं असंही नाही बरं का. २०१७ ला पहिल्या पाच जिंकल्या, मग ॲडलेडने ७० हून जास्त पॉइंटांनी आपटलं, मग लागोपाठ तीन मॅच पाच, दोन आणि तीन पॉइंटांनी हरल्या. जुना हार्डविक असता तर तिथेच सगळं फिसकटलं असतं असं मला वाटतं. सीझन संपला तेव्हा तिसरे होते आणि फायनलला त्याच ॲडलेडला ४८ पॉइंटांनी हरवलं, १०८ विरुद्ध ६०. ३७ वर्षांनी कप. मग २०१९ आणि २०२० ला पुन्हा. तेरावा नंबर ते चार वर्षांत तीन कप, माणूस तोच.

आता दुसरी बाजू पण तुमच्यासमोर ठेवली पाहिजे, कारण नवा माणूस आणूनही होतंच. वेस्टर्न बुलडॉग्ज, मेलबर्नच्या पश्चिमेच्या कामगार वस्तीचा क्लब, शेवटचा कप १९५४ चा. २०१४ ला १४ वे आले, कॅप्टन रायन ग्रिफिन क्लब सोडून गेला, त्याच आठवड्यात कोच ब्रेंडन मॅकार्टनीने पण राजीनामा दिला. घर मोडल्यासारखी अवस्था. ल्यूक बेव्हरिज आला. याने आधी एका हौशी क्लबला लागोपाठ तीन वर्षांत तीन दर्जांचे कप जिंकून दिले होते, म्हणजे पगार न घेता खेळणाऱ्या, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्या पोरांना कसं खेळवायचं हे त्याला माहिती होतं, आपल्याकडच्या कोचसारखंच. त्याने पोरांना जागा बदलून बदलून खेळवलं, मोकळं सोडलं. २०१५ ला फायनल्स, २०१६ ला सातव्या नंबरवरून येऊन कप, सातव्या नंबरवरून जिंकणारी ती पहिली टीम. आणि ग्रिफिनच्या बदल्यात आलेल्या टॉम बॉइडने त्या फायनलमध्ये तीन गोल मारले. कॅप्टन बॉब मर्फी त्या सीझनच्या तिसऱ्या मॅचलाच गुडघा जाऊन बाहेर बसला होता, तर स्टेजवर बेव्हरिजने त्याला वर बोलावलं आणि स्वतःचं कोचचं मेडल काढून त्याच्या गळ्यात घातलं. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिलाय सांगता येत नाही.

मग तुमचं काय? सर, माझ्या टीमबरोबर एक वर्ष असंच आलं होतं. पहिल्याच फेरीत हरलो आणि मला बदलायचं बोलणं चालू झालं. मी कॅप्टन पोरीला विचारलं, खरं सांग काय होतंय. ती खूप वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, सर तुम्ही बाहेरून ओरडता ते सगळं ऐकू येतं, पण त्यातलं आत्ता कुठलं करायचं ते कळत नाही. मला ते फार लागलं. पण त्यानंतर एका पाळीत एकच सूचना द्यायची असं ठरवलं, कधी नुसतं 'खांब', कधी नुसतं 'उशिरा खो', बाकी तोंड बंद. बाहेर गप्प उभं राहणं फार जड जातं हो, हात आपोआप वर जातो. त्या वर्षी आम्ही सेमीफायनल खेळलो.

म्हणून माझं म्हणणं असं की राजीनामा लिहायच्या आधी पोरांना विचारा, एकेकट्याला बाजूला घेऊन, आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नका. आणि बाहेरून कोच येतोच आहे तर शाळेला म्हणा त्याला असिस्टंट म्हणून माझ्याबरोबर एक सीझन द्या. रिचमंडने हेच केलं. तेवढं करूनही पोरांच्या डोळ्यात तुमच्याबद्दल काही उरलं नाही असं वाटलं तर मात्र खुर्ची सोडा, त्यात कमीपणा नाही. मॅकार्टनी गेला नसता तर बेव्हरिज आला नसता.

प्रश्न : मी गिरणीतला रिटायर माणूस. आमच्याकडे खात्यात जॉबर (म्हणजे मुकादम) बदलला की पंधरा दिवस सगळे साचे (माग) झकास चालायचे, मग पुन्हा होतं तेच. सीझनच्या मध्येच बदललेला कोच असाच पंधरा दिवसांचा असतो का?
(पूर्व भागातले एक काका)

काका, बरेचदा तसाच असतो, टीग आणि शॉची गोष्ट वर सांगितलीच आहे. पण एक जण पंधरा दिवसांचा नव्हता, पॉल रूस.

२००२ ला सिडनी स्वान्सचा कोच रॉडनी ईड सीझनच्या मध्येच गेला. असिस्टंट रूसला उरलेल्या दहा मॅचसाठी बसवलं. क्लबच्या मनात बाहेरचा मोठ्या नावाचा कोच आणायचं होतं. रूसने दहापैकी सहा जिंकल्या, आणि प्रेक्षक स्टँडमधून त्याच्या नावाने ओरडायला लागले, क्लबला ऐकावं लागलं. या माणसाने खेळाडू म्हणून निवृत्त होतानाच एक यादी लिहून ठेवली होती, खेळाडूला कोचकडून काय हवं असतं आणि काय नको असतं त्याची. म्हणजे जॉबर होण्याच्या आधी साच्यावर उभं असताना त्याने सगळं टिपून ठेवलं होतं, आणि खुर्ची मिळाल्यावर विसरला नाही. पोरांनाच टीमचे नियम ठरवू दिले, ते मोडले तर एकमेकांना तोंडावर सांगायचं. २००५ ला वेस्ट कोस्टला ५८ विरुद्ध ५४ ने हरवून सिडनीने कप घेतला, ७२ वर्षांनी.

तुमच्या खात्यात पण असा एखादा जॉबर आला असेलच की, ज्याचे पंधरा दिवस संपलेच नाहीत. त्याच्याबद्दल लिहून पाठवा, खरंच वाचायला आवडेल.

प्रश्न : दादा, मी कबड्डी खेळले पण जिल्ह्याच्या पुढे गेले नाही. मला कोच व्हायचंय. घरचे म्हणतात जी स्वतः मोठी खेळाडू नाही तिचं पोरी ऐकणार कशाला?
(अशोक चौकातली एक वाचक)

ऐकतात ताई. क्रिस फेगन हे नाव लिहून ठेव. टास्मानियाचा माणूस, एएफएलमध्ये खेळाडू म्हणून एकही मॅच खेळला नाही. हॉथॉर्नमध्ये बरीच वर्षं मागे राहून काम केलं आणि पंचावन्न वर्षांचा झाल्यावर ब्रिस्बेनने मुख्य कोच केलं. टीम तळाची. पहिल्या वर्षी ५ मॅच जिंकल्या, १८ वा नंबर. दुसऱ्या वर्षी पण ५ च, १५ वा. क्लबने हात लावला नाही, कारण आतल्या लोकांना पोरं शिकताना दिसत होती. तिसऱ्या वर्षी २०१९ ला १६ मॅच आणि थेट दुसरा नंबर. २०२३ ची फायनल चार पॉइंटांनी गेली, वर जावईबापूंच्या गोष्टीत आलीय तीच. २०२४ ला सुरुवातीच्या तिन्ही मॅच हरले, पाचव्या नंबरने फायनल्सला आले, एका मॅचला ४४ पॉइंट मागे पडून जिंकले आणि फायनलला सिडनीला ६० पॉइंटांनी हरवलं. फेगन तेव्हा ६३ वर्षांचा होता. २०२५ ला पुन्हा कप, जीलाँगला हरवून.

तुझ्या गल्लीतल्या १२-१३ वर्षांच्या पोरी गोळा कर आणि सकाळी सहाला सुरू कर, उन्हं वर यायच्या आत. सर्टिफिकेट कोर्सची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कर, आणि पहिल्या दिवशी किती पोरी आल्या ते मला कळव.

कबड्डीच्या बोनस लाइनवर आलेली तीन पत्रं पुढच्या अंकात घेतो.